हप्त्याला लगाम, बिलाला मोकळं रान

काही वर्षांपूर्वी घरातल्या एका माणसाची छोटी शस्त्रक्रिया ठरली. हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या मुलीने अंदाजे खर्चाचा कागद छापून माझ्या हातात दिला आणि मग सहज विचारलं, "विमा आहे ना?" मी हो म्हटलं. तिने तितक्याच सहजपणे तो कागद परत घेतला, दुसरा छापला आणि माझ्यापुढे सरकवला. शस्त्रक्रिया तीच, सर्जन तोच, खोली तीच. खालचा आकडा मात्र चांगलाच फुगलेला. मी विचारलं, हे असं का? तर म्हणाली, "तुम्हाला काय फरक पडतो? कंपनी भरणार आहे."

कंपनीने भरलेही. क्लेम वेळेत मंजूर झाला, एकही कागद जास्तीचा मागितला नाही. त्या कंपनीबद्दल माझी आजही तक्रार नाही. नियामकाने तिची फाइल तपासली असती तर शेरा मारायला जागा सापडली नसती. पण तो परत घेतलेला पहिला कागद माझ्या डोक्यातून गेला नाही. देशाच्या आरोग्यखर्चात त्या दिवशी जी भर पडली, ती त्या दोन कागदांमधल्या फरकाची होती. आणि ती ज्या टेबलावर पडली, तिथे विम्याचा नियामक कधी फिरकतच नाही.

खासगी आरोग्यविम्यावर कडक नियंत्रण आणलं की देशाचा आरोग्यखर्च आटोक्यात येतो, असं एक मत आहे. याच्या बरोब्बर उलट मतही तितकंच जोरात मांडलं जातं: नियमांच्या जंजाळामुळेच विमा महाग होतो, कंपन्यांना मोकळं सोडा, स्पर्धा काय ती स्वस्ताई आणेल. दोन्ही बाजूंची मंडळी हिरिरीने भांडतात आणि दोघांचीही नजर विमा कंपनीवरच खिळलेली असते. माझं म्हणणं असं की विमा कंपनीला वेसण घालणं गरजेचं आहेच, पण ते न्यायासाठी. खर्च कमी करायचा तर वेसण दुसऱ्याच नाकात घालावी लागते.

हिशेब तसा साधा आहे. देशाचा आरोग्यखर्च म्हणजे किती उपचार झाले, प्रत्येकाची किंमत काय होती आणि या सगळ्याच्या कागदपत्रांवर किती पैसा गेला, एवढंच. विम्याचे नियम यातल्या शेवटच्या गोष्टीला थेट हात घालतात. पहिल्या दोन गोष्टींवर त्यांचा परिणाम होतो तो आडवळणाने, आणि पुष्कळदा उलटा. एक गफलत तर हमखास होते. सरकारने हप्त्याला अनुदान दिलं की घरातला खर्च कमी होतो आणि लोक म्हणतात, आरोग्यसेवा स्वस्त झाली. स्वस्त काही झालेलं नसतं. तेच बिल आता दोन खिशांतून भरलं जातंय, आणि दुसरा खिसाही आपलाच आहे.

नियम असतात तरी कोणते? आजारी माणसाला विमा नाकारायचा नाही. आजार पाहून हप्ता वाढवायचा नाही. ठरावीक उपचार प्रत्येक पॉलिसीत असलेच पाहिजेत. विमा सर्वांना सक्तीचा. हा शेवटचा नियम लोकांना जाचक वाटतो, पण तो काढला की बाकीचे उभे राहात नाहीत. आजारी माणसाला कधीही आणि त्याच हप्त्यात घेणार म्हटल्यावर धडधाकट माणूस म्हणतो, आजारी पडेन तेव्हा बघू. मागे उरतात ते आजारी. त्यांच्या खर्चाने हप्ता चढतो, मग जरा कमी आजारी असलेलेही बाहेर पडतात, हप्ता आणखी चढतो. आजारी लोक एकाच कंपनीच्या गळ्यात पडू नयेत म्हणून कंपन्यांकडून पैसे गोळा करून जिच्याकडे वयस्कर आणि आजारी जास्त, तिला जास्त वाटा देणारा निधीही ठेवावा लागतो. तो नसला तर कंपनीची सगळी हुशारी तरुण गिऱ्हाइकं शोधण्यात खर्च होते. हे सगळे नियम मला मान्य आहेत. मधुमेह झाला म्हणून कोणाला दारातून परत पाठवणं हा धंदा असू शकतो, पण त्याला विमा म्हणता येत नाही.

मात्र यातल्या एकाही नियमाने इंजेक्शनची किंमत उतरत नाही.

खर्च उतरवण्याच्या इराद्याने केलेला एक नियम आहे आणि त्याची गंमत सावकाश बघण्यासारखी आहे. अमेरिकेत २०१० साली जो मोठा आरोग्य कायदा झाला, त्यात विमा कंपन्यांवर बंधन आलं की गोळा केलेल्या हप्त्यांपैकी किमान ८० टक्के रक्कम उपचारांवर आणि सेवेच्या गुणवत्तेवर खर्च झाली पाहिजे. मोठ्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी काढलेल्या सामूहिक पॉलिसींना ८५ टक्के. त्याहून कमी खर्च झाला तर फरक ग्राहकांना परत करायचा. ऐकायला झकास. पगार, जाहिराती, एजंटांचं कमिशन आणि नफा यांना मिळून वीस टक्क्यांची चौकट आखून दिली.

आता कंपनीच्या खुर्चीत बसून आकडेमोड करा. हप्ता १००, उपचारांवर ८०, माझ्याकडे २०. पुढच्या वर्षी मी हॉस्पिटलांशी घासाघीस करून उपचारांचा खर्च ६० वर आणला, तर नियमाप्रमाणे हप्ता ७५ वर येणार आणि माझा वाटा १५. म्हणजे मेहनत माझी आणि उत्पन्न माझंच घटलं. उलट मी गप्प बसले आणि हॉस्पिटलांनी दर वाढवून खर्च १२० वर नेला, तर हप्ता १५० आणि माझा वाटा ३०. टक्केवारी तीच, नियम तंतोतंत पाळलेला, आणि मी दीडपट श्रीमंत. केकचा पाचवाच तुकडा मिळणार असेल तर मोठा केक कोणाला नकोय?

इतकं सरळ ते घडत नाही, हेही सांगायला हवं. हप्ता फार वाढला तर गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीकडे जातं. अमेरिकेतली राज्यं हप्तावाढीची छाननीही करतात. त्यामुळे कंपन्या अगदीच हात सोडून बसत नाहीत. पण दर सगळीकडेच वाढत असतील तर गिऱ्हाईक जाणार कुठे? शिवाय तिथे नोकरीतून विमा मिळणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांचे मालक उपचारांचा खर्च स्वतःच उचलतात आणि विमा कंपनी फक्त कारभार बघण्याची फी घेते. अशा योजनांना हा ८०-८५ टक्क्यांचा नियम लागूच नाही. आणखी एक वाट म्हणजे कंपनीने दवाखाने आणि औषधांचा व्यवहार स्वतःच विकत घ्यायचे. मग 'उपचारांवर खर्च केलेले' ८० टक्के तिच्याच दुसऱ्या खिशात पडतात. पाणी वाट शोधतं, पैसा तर पाण्याहून पातळ.

मग दर ठरतात कुठे? विमा कंपनी आणि हॉस्पिटल यांच्या बंद दाराआडच्या वाटाघाटीत. हप्त्यांना लगाम घालणारा कायदा त्या खोलीच्या उंबरठ्यावर थांबतो. कंपनी मोठी आणि शहरात हॉस्पिटलं पुष्कळ असतील तर दर खाली येतो. परिसरातली हॉस्पिटलं एकाच समूहाने घेतली असतील तर त्या समूहाला विमा चालणाऱ्या हॉस्पिटलांच्या यादीतून वगळण्याची धमकी कोणी देऊ शकत नाही, कारण वगळलं तर पॉलिसी घेणारच कोण? अमेरिकेत रँड या संशोधन संस्थेने २०२२ सालच्या दरांचा अभ्यास केला, तेव्हा खासगी विम्याने हॉस्पिटलांना दिलेला दर सरासरी मेडिकेअरच्या २५४ टक्के निघाला. मेडिकेअर म्हणजे तिथला ६५ वर्षांवरच्यांचा सरकारी विमा. त्याच इमारतीत, त्याच यंत्रावर, त्याच तंत्रज्ञाने काढलेल्या स्कॅनला सरकार १०० देत असेल तर खासगी विमा अडीचशे. २०२१ पासून हॉस्पिटलांना हे दर उघड करणं सक्तीचं झालं, तेव्हा एकाच हॉस्पिटलात एकाच तपासणीचे विमा कंपनीगणिक वेगळे दर दिसले, आणि काही ठिकाणी तर विमा नसलेल्याने रोख दिले तर पडणारा दर विमेकऱ्याच्या दरापेक्षा कमी. माझ्या हातातले दोन कागद आठवले.

अमेरिकेचा आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १७ टक्क्यांवर गेलाय. तिथली माणसं डॉक्टरकडे जास्त वेळा जातात किंवा हॉस्पिटलात जास्त दिवस राहतात म्हणून असं होतं, हा समज अर्थतज्ज्ञ उव्ह राइनहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ सालीच खोडून काढला होता. इतर श्रीमंत देशांपेक्षा तिथे वापर जास्त नव्हता, किमती जास्त होत्या. याला वीस वर्षं उलटून गेली तरी चर्चा अजून विमा कंपन्यांच्या नफ्याभोवतीच घोटाळते. नफा दिसतो, संताप आणतो, मथळ्यात बसतो. हॉस्पिटलच्या दरपत्रकावर मोर्चा काढलेला मी तरी ऐकला नाही.

इथे सरकारी विम्याच्या समर्थकांना आनंद होत असेल तर त्यांच्यासाठीही एक कडू घोट आहे. मेडिकेअर १९६५ साली मंजूर झालं. अर्थतज्ज्ञ एमी फिंकेलस्टाइन यांनी दाखवलंय की १९६५ ते १९७० या काळात हॉस्पिटलांवरचा खरा खर्च त्यामुळे सुमारे ३७ टक्क्यांनी वाढला. तेव्हा मेडिकेअर हॉस्पिटलांना जितका खर्च झाला तितका देत असे; दर नंतर ठरवले जाऊ लागले. पैसे देणारा ठाम उभा आहे म्हटल्यावर हॉस्पिटलांनी खाटा वाढवल्या, यंत्रं आणली, विभाग उघडले. त्यातून कित्येकांना आधी न मिळालेले उपचार मिळाले, हे मोलाचंच. पण खर्च वाढतो तो पैसे कोण देतंय यापेक्षा किमतीवर बोट ठेवणारं कोणी आहे की नाही, यामुळे. विमा सरकारी असो की खासगी, किंमत मोकळी ठेवली की तो पंपासारखा चालतो.

नियमांच्या बाबतीत सर्वांत आदर्श म्हणावा असा देश स्वित्झर्लंड. १९९६ पासून तिथे प्रत्येक रहिवाशाला खासगी कंपन्यांकडून मूलभूत आरोग्यविमा घ्यावाच लागतो. कंपनीला कोणाला नाकारता येत नाही. एका विभागातल्या २५ वर्षांवरच्या सगळ्यांना त्या कंपनीच्या एकाच प्रकारच्या पॉलिसीचा हप्ता सारखा. उपचारांची यादी सर्वांना एकच. वर म्हटलेला तो भरपाईचा निधीही आहे. आणि मूलभूत विम्यावर नफा कमावायला चक्क बंदी आहे. म्हणजे नफेखोरी हेच दुखणं असतं तर इथे ते मुळातून कापलेलं आहे. तरीही आरोग्यखर्चात स्वित्झर्लंड जगातल्या सर्वांत महागड्या देशांत मोडतो. राष्ट्रीय उत्पन्नातले साधारण बारा टक्के त्यावर जातात. सरासरी हप्ता २०२४ साली ८.७ टक्क्यांनी वाढला, २०२५ साली ६ टक्क्यांनी, २०२६ साली ४.४ टक्क्यांनी. सगळ्या खासगी कंपन्या मोडून एकच सरकारी विमा आणावा का, असं तिथल्या मतदारांना २००७ आणि २०१४ अशा दोन वेळा विचारलं गेलं आणि दोन्ही वेळा त्यांनी नको म्हटलं.

चूक कुठे झाली ते बघायला दरपत्रक उघडावं लागतं. हॉस्पिटलात दाखल न होता होणाऱ्या उपचारांचं तिथलं दरपत्रक २००४ साली आलं. प्रत्येक उपचाराला डॉक्टरची किती मिनिटं लागतात, यावर गुण, आणि गुणांवर पैसे. पुढे तंत्र सुधारलं. मोतिबिंदूच्या शस्त्रक्रियेचंच बघा: पूर्वी जिथे बराच वेळ जाई तिथे सरावलेला सर्जन थोड्या मिनिटांत मोकळा होऊ लागला. कागदावरची मिनिटं मात्र जुनीच. म्हणजे डोळ्यांचा सर्जन एका तासात कित्येक तासांचे पैसे मिळवू लागला, आणि तेही पूर्ण कायदेशीर. दरपत्रक बदलायचं तर डॉक्टरांच्या आणि विमा कंपन्यांच्या संघटनांचं एकमत लागे. ते वर्षानुवर्षं होईना. शेवटी सरकारने २०१४ आणि २०१८ साली मध्ये पडून काही आकडे स्वतः कापले. त्यात भर म्हणजे कंपनीला परवानाधारक प्रत्येक डॉक्टरची बिलं भरावीच लागतात. हा महाग आहे, याला यादीत घेत नाही, असं म्हणायची सोय नाही. घासाघीस करणाऱ्याचे दोन्ही हात बांधून त्याला बाजारात पाठवल्यासारखं हे झालं.

नेदरलँड्सने २००६ साली स्वित्झर्लंडसारखीच व्यवस्था उभारली, पण एक गोष्ट वेगळी ठरवली: विमा कंपन्या चोखंदळ खरेदीदार होतील, चांगल्या आणि स्वस्त हॉस्पिटलांशी करार करतील, बाकीच्यांना वगळतील. कागदावर हा विचार मला फार आवडतो. प्रत्यक्षात लोकांना आपला डॉक्टर सोडायचा नसतो. करार नसलेल्या डॉक्टरचे पैसे न भरण्याची मुभा कंपन्यांना देणारं विधेयक २०१४च्या डिसेंबरमध्ये वरिष्ठ सभागृहात आलं, तेव्हा सत्ताधारी आघाडीतल्याच तिघा सदस्यांनी विरोधात मत देऊन ते पाडलं आणि सरकार पडायची वेळ आली. तिथल्या खर्चाची वाढ मंदावली ती साधारण त्याच काळात, पण स्पर्धेमुळे मंदावली असं म्हणणं धाडसाचं होईल. २०१२ पासून मंत्रालय, हॉस्पिटलं आणि विमा कंपन्या एका टेबलावर बसून खर्च वर्षाला किती टक्क्यांच्या वर वाढू द्यायचा नाही, याचे करार करू लागल्या होत्या. आधी अडीच टक्के, मग दीड, मग एक. बाजाराच्या नावाने उभारलेल्या व्यवस्थेत शेवटी मर्यादा घातली ती ठरवून.

जर्मनीत दोन दर एकाच छताखाली दिसतात. सुमारे नव्वद टक्के लोक सार्वजनिक विमा निधींमध्ये आहेत. हे निधी एकत्र येऊन दर ठरवतात. उरलेल्यांचा विमा खासगी आणि त्यांच्यासाठी डॉक्टरांचं दरपत्रक वेगळं, ज्यात मूळ दराच्या २.३ पट आकारणी ही नेहमीची बाब. साहजिकच खासगी विमेकऱ्याला अपॉइंटमेंट लवकर मिळते. डॉक्टरच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं.

दर ठरवण्याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण मात्र खुद्द अमेरिकेतच, मेरीलँड नावाच्या छोट्या राज्यात आहे. तिथे १९७१ साली एक आयोग नेमला गेला. हॉस्पिटल एखाद्या सेवेला किती आकारणार, हे तो आयोग ठरवी, आणि १९७७ साली केंद्र सरकारच्या परवानगीने मेडिकेअरही त्यात सामील झालं. म्हणजे हॉस्पिटलात कोणीही येवो, खासगी विमेवाला, सरकारी विमेवाला किंवा बिनविम्याचा, दर जवळपास एकच. खासगी कंपन्या बुडाल्या नाहीत. त्या तशाच चालू राहिल्या, फक्त दरावरून घासाघीस करायचं काम त्यांच्याकडून गेलं. १९७६ साली मेरीलँडमध्ये हॉस्पिटलात दाखल झालेल्या एका रुग्णामागचा खर्च देशाच्या सरासरीपेक्षा २६ टक्के जास्त होता. २००७ साली तो सरासरीपेक्षा २ टक्के कमी झाला होता. काउंटरवर दोन कागद छापायची गरजच उरली नाही.

पण इथेही माणूस माणसासारखाच वागला. दर बांधले गेल्यावर हॉस्पिटलांना कळलं की आता उत्पन्न वाढवायचं तर रुग्णांची संख्या वाढवायला हवी. जो रुग्ण पूर्वी तपासून घरी गेला असता त्याला एक रात्र ठेवून घेणं फायद्याचं. म्हणून २०१४ साली मेरीलँडने पुढची पायरी गाठली: हॉस्पिटलचं वर्षाचं एकूण उत्पन्नच आधी ठरवून द्यायचं. रुग्ण कमी आले तर दर थोडे वर, जास्त आले तर थोडे खाली, पण एकूण आकडा तोच. त्याबरोबर हॉस्पिटलचा स्वार्थ फिरला. दमेकऱ्याने वारंवार इमर्जन्सीत येऊ नये, म्हणून त्याला घरी फोन करून औषध घेतलं का हे विचारणं हॉस्पिटलला परवडू लागलं.

दर बांधण्याला जो मुख्य आक्षेप घेतला जातो तो खोटा नाही. जपानमध्ये सगळ्या देशाला एकच दरपत्रक आहे, दर दोन वर्षांनी त्याची उजळणी होते, त्याहून जास्त आकारायला डॉक्टरला मनाई आहे. तिथे लोक गमतीने म्हणतात, तीन तास वाट बघायची आणि तीन मिनिटं तपासणी. दर कमी तर डॉक्टर रुग्णांची संख्या वाढवून भरून काढतो. दर चुकीचा बांधला तर ती सेवाच हळूहळू मिळेनाशी होते, किंवा स्वित्झर्लंडच्या मोतिबिंदूसारखी नको तितकी किफायतशीर होते. दरपत्रक म्हणजे सतत खुरपणी मागणारं शेत आहे. तरीही त्यातल्या चुका निदान सर्वांना दिसतात आणि कोणाला तरी जाब विचारता येतो. बंद खोलीतल्या दराचा जाब कोणाला विचारणार?

दुसरा आक्षेप असा की खासगी कंपन्यांना मोकळीक दिली तर त्या खर्च आवरून दाखवतात, आणि एकदा दाखवलाही होता. खरं आहे. १९९०च्या दशकात अमेरिकी विमा कंपन्यांनी डॉक्टरांच्या मर्यादित याद्या, आधी परवानगी मग उपचार, लवकर डिस्चार्ज अशी हत्यारं उपसली आणि १९९३ ते २००० या काळात आरोग्यखर्चाचा राष्ट्रीय उत्पन्नातला वाटा तेरा टक्क्यांच्या आसपास थबकला. पण लोक कमालीचे चिडले. बाळंतिणीला दुसऱ्या दिवशी घरी पाठवण्याचे प्रकार गाजले आणि १९९६ साली कायदाच झाला की नैसर्गिक बाळंतपणानंतर ४८ तास आणि सिझेरियननंतर ९६ तासांचा मुक्काम विम्यातून कापायचा नाही. मी त्या बाळंतिणींच्या बाजूची आहे. पण हिशेबाच्या वहीत नोंद करायचीच तर अशी होते: प्रत्येक न्याय्य नियमागणिक विमा कंपनीच्या हातातलं एकेक हत्यार गेलं आणि समोरच्याच्या हातात कोणी काहीच कमी केलं नाही. हत्यार काढून घेणं योग्यच होतं. मग दर ठरवण्याचं काम दुसऱ्या कोणीतरी अंगावर घ्यायला हवं होतं, ते कोणी घेतलं नाही.

उरतो तो रुग्णाच्याच खिशाला चाप लावण्याचा उपाय: बिलातला काही हिस्सा त्याने भरावा म्हणजे तो जपून वागेल. सिंगापूरमध्ये जादा विम्यामुळे रुग्णाला काहीच भरावं लागेनासं झालं, तेव्हा बिलं फुगताना दिसली आणि सरकारने २०१८ साली जाहीर केलं की अशा नव्या पॉलिसींमध्ये किमान पाच टक्के वाटा रुग्णाने उचललाच पाहिजे. इतपत मला पटतं. फुकटच्या बुफेत ताट सगळेच भरतात. पण यावर फार मोठी आशा ठेवू नये. रँडनेच १९७०च्या दशकात हजारो लोकांना वेगवेगळ्या प्रकारच्या पॉलिसी देऊन केलेला प्रयोग अजूनही मार्गदर्शक आहे. जास्त वाटा भरावा लागणाऱ्यांनी वापर कमी केला, अगदी स्पष्टपणे केला. पण गरजेचे आणि बिनगरजेचे असे दोन्ही उपचार सारखेच टाळले. छातीत दुखतंय ते पित्ताने की हृदयाने, हे रुग्णाला कळत असतं तर त्याने डॉक्टर गाठलाच कशाला असता? आणि गरीब आणि आधीच रक्तदाब असलेल्यांची तब्येत त्यात बिघडली. बोथट सुरी आहे ही. शिवाय देशाच्या खर्चाचा मोठा भाग मोजक्या अतिगंभीर रुग्णांवर होतो. अतिदक्षता विभागात पडलेला माणूस किंमत विचारून उपचार निवडत नाही.

कागदपत्रांच्या खर्चात मात्र नियमांना पूर्ण गुण द्यायला हवेत. अमेरिकेत आरोग्यखर्चातला आठेक टक्के भाग केवळ कारभारावर जातो; इतर बहुतेक श्रीमंत देशांत एक ते तीन टक्के. शेकडो प्रकारच्या पॉलिसी, प्रत्येकीचे वेगळे फॉर्म, हे मंजूर आणि ते नामंजूर, त्यावर अपील. हॉस्पिटलात बिलं बनवणाऱ्यांची फौज आणि कंपनीत ती नाकारणाऱ्यांची फौज. सर्वांना एकच उपचारयादी, एकच फॉर्म, आधीच्या आजारांची चौकशी बंद, असं केलं की या दोन्ही फौजांना काम उरत नाही. बचत खरी आहे, पण ती एकदाच होते. पाच टक्के वाचले तर दुसऱ्या वर्षी पुन्हा पाच वाचत नाहीत, आणि दर मात्र दरवर्षी चढतात.

म्हणून खासगी विमा ठेवायचा की मोडायचा, या वादात मला आता फारसा रस वाटत नाही. खासगी कंपन्या ठेवून खर्च आवरता येतो. मेरीलँडच्या हॉस्पिटलांनी ते दाखवलं. त्यासाठी सगळ्या कंपन्यांना मिळून एकच दर ठरायला हवा, विमेकऱ्याला वेगळा आणि बिनविमेकऱ्याला वेगळा दर ही पद्धत बंद व्हायला हवी, आणि वर्षाच्या एकूण खर्चाला आधीच मर्यादा हवी. हे करायला विम्याच्या नियामकाचे अधिकार पुरत नाहीत. त्याच्या हातात हप्त्याचा अर्ज येतो, आणि त्या अर्जात उपचारांचा खर्च हा आधीच ठरलेला आकडा म्हणून लिहिलेला असतो. तो आकडा बरोबर गृहीत धरून उरलेल्या पंधरा-वीस टक्क्यांवर तो काटेकोर नजर ठेवतो.

स्वित्झर्लंडमध्ये सप्टेंबरच्या शेवटी पुढच्या वर्षीचे हप्ते जाहीर होतात. मग नोव्हेंबर संपेपर्यंत घरोघरी लोक कंपन्यांचे तक्ते समोर घेऊन बसतात, कोणाचा हप्ता किती, कंपनी बदलली तर महिन्याला किती वाचतील, याचा हिशेब करतात आणि जुन्या कंपनीला पत्र पाठवून नव्या कंपनीत जातात. दाखल न होता होणाऱ्या उपचारांचं नवं दरपत्रक तिथे १ जानेवारी २०२६ ला लागू झालं, जुनं लागू होऊन बावीस वर्षं झाल्यावर. मोतिबिंदूचा दर काय धरायचा ते त्यात असतं. घरोघरी पसरलेल्या तक्त्यांत तो रकाना नसतो.